तिकिटावरचं नाव

मुंबईहून सिंधुदुर्गाकडे निघालेलं एटीआर विमान जेट विमानांच्या साधारण निम्म्या उंचीवरून जातं. त्याचे पंख छताला जोडलेले असतात, त्यामुळे खिडकीखाली काही आड येत नाही आणि बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्या एकामागून एक मोजता येतात. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत, उजव्या हाताला समुद्र आणि मध्ये ती चिंचोळी पट्टी, जिथून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी मुंबईला गेली. देवगड मागे पडलं की जांभ्याचे सडे ठळक होतात, उन्हाळ्यात करपलेले, पावसाळ्यात हिरवेगार. मग मालवणसमोरचा किल्ला, तारकर्लीची वाळू, कर्ली नदीचं मुख, आणि परुळ्याजवळ चिपीच्या सड्यावर आखलेली धावपट्टी. इथली नियमित प्रवासी सेवा ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. पहिलं विमान होतं अलायन्स एअरचं, आणि अलायन्स एअर तेव्हा एअर इंडियाची उपकंपनी होती. त्याच्या आदल्याच दिवशी, ८ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने एअर इंडियासाठी टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली मान्य झाल्याचं जाहीर केलं होतं. त्या विक्रीत अलायन्स एअरचा समावेश नव्हता. कोकणातल्या या सड्यावर राष्ट्रीय विमान कंपनीचं नाव पोचलं, तेव्हा ते नाव आणि ते विमान यांची फारकत आधीच ठरलेली होती. या दोन तारखांतलं चोवीस तासांचं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या गावांच्या विमानसेवा आपल्याकडे सुरू होतात आणि बंद पडतात, त्याचं एक मोठं कारण या फारकतीत आहे, असं माझं मत आहे. धावपट्टी, विमान आणि अनुदान यांची आपण पुष्कळ चर्चा करतो. तिकिटावर कुणाचं नाव आहे आणि त्या नावाने काय पत्करलं आहे, याची मात्र करत नाही.

मराठी माणसाला ही गोष्ट समजायला विमानापर्यंत जायचीही गरज नाही. एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. तिच्या तिकिटांचा गल्ला मोजला तर ती बहुधा तोट्यातच दिसेल. पण तालुक्याच्या स्टँडवर तिला लागून सुटणारी जिल्ह्याची गाडी असते, पुढे मुंबई-पुण्याची असते, आणि गावातून बसलेला माणूस या सगळ्या गाड्यांचा प्रवासी असतो. मुक्कामी गाडीचा तोटा आणि लांबच्या गाडीचा नफा एकाच महामंडळाच्या वहीत लिहिला जातो, म्हणून ती गाडी टिकते. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची रचना याहून वेगळी, तरी याच जातीची होती. यवतमाळ आणि अचलपूरकडून मूर्तिजापूरला येणारे ते अरुंद रूळ किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याच्या कंपनीचे, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांवर गाड्या चालवायची मध्य रेल्वे. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गाला आणून सोडायचा, एवढ्यासाठीच ती वाट टाकलेली होती. मुख्य प्रवाहाला माणसं आणि माल आणून देणाऱ्या अशा वाटेला इंग्रजीत फीडर म्हणतात, आणि विमानाच्या धंद्यात हाच शब्द रुळला आहे. मी त्याला उपनदी म्हणेन. उपनदीचं पाणी संगमाच्या पुढे कुठवर जातं, यावर तिचं मोल ठरतं.

विमानाच्या बाबतीत संगमाचं हे महत्त्व आणखी वाढतं, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. दोन वैमानिक सत्तर माणसांच्या विमानालाही लागतात आणि एकशे ऐंशी माणसांच्या विमानालाही. इंधन भरणारे, सामान चढवणारे, सुरक्षा तपासणारे, हवामानाचा अहवाल देणारे हे सगळे हात लहान विमानासाठीही लागतातच, फक्त त्यांचा खर्च थोड्या प्रवाशांवर वाटला जातो. म्हणून लहान विमानात दर आसनामागचा खर्च जास्त पडतो; आणि जिथे ते जातं तिथल्या लोकांची ऐपत बहुधा महानगरापेक्षा कमी असते. आता वेंगुर्ल्याहून मुंबईमार्गे दिल्लीला जाणारा एक माणूस घ्या. चिपी ते मुंबई या टप्प्यावर त्याला नेण्यात कंपनीला कदाचित तोटा होईल. मुंबई ते दिल्ली या टप्प्यावर जे विमान कसंही उडणारच आहे, त्यातलं एक रिकामं आसन त्याने भरलं, तर तिथे आलेला पैसा जवळजवळ निव्वळ मिळकत असते. दोन्ही टप्पे एकाच घरचे असतील तर पहिल्याचा तोटा दुसरा भरून काढतो. दोन वेगळ्या घरांचे असतील तर तोटा लहान कंपनीच्या पदरी आणि मिळकत मोठ्या कंपनीच्या, जिने चिपीला विमान न्यायचे कष्ट घेतलेलेच नसतात. लहान कंपनीने कितीही काटकसर केली तरी ही फट बुजत नाही. अमेरिकेत हा व्यवहार कराराने बांधलेला आहे. युनायटेड एक्स्प्रेस किंवा डेल्टा कनेक्शन या नावांखाली उडणारी पुष्कळशी विमानं स्कायवेस्टसारख्या स्वतंत्र कंपन्या चालवतात. वेळापत्रक मोठी कंपनी ठरवते, तिकीट ती विकते, आसनं भरोत न भरोत लहान कंपनीला उड्डाणाचे ठरलेले पैसे देते, आणि लहान टप्प्यावरची जोखीम तिच्याच वहीत राहते.

प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर त्या नावाचा अर्थ आणखी ठोस आहे. एकच पीएनआर, सामानावर शेवटच्या गावापर्यंतचा एकच टॅग, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढच्यात बसवून देण्याची जबाबदारी कुणाची, याचं एकच उत्तर. दोन तिकिटं वेगवेगळी काढली की ते दोन वेगळे करार होतात. पहिलं विमान धुक्यात किंवा पावसात अडकलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी वेळेवर आलाच नाही, एवढंच उरतं. शहाणा माणूस मग मध्ये सहा-सात तासांची मोकळीक ठेवतो किंवा आदल्या दिवशी निघतो. तासाभराच्या विमानाने वाचवलेला वेळ विमानतळावर बसून संपतो, आणि पुढच्या वेळी तो सावंतवाडीहून किंवा कुडाळहून रेल्वेच धरतो. मुंबईत सांताक्रूझच्या बाजूचं टर्मिनल आणि सहारच्या बाजूचं टर्मिनल यांच्यामध्ये शहराचा रस्ता आहे. सामान उतरवून घेऊन, टॅक्सी करून, पुन्हा रांगेत लागून तो रस्ता पार करणं म्हाताऱ्या माणसाला किती जड जातं हे सांगायला आकडे नकोत. विमानसेवा बंद होते तेव्हा प्रवासी नव्हते असं कारण दिलं जातं. माझ्या मते त्यातले बरेच प्रवासी होते; फक्त त्यांचा प्रवास मुंबईला संपणारा नव्हता, आणि त्यांना विकलेलं तिकीट मात्र मुंबईला संपत होतं.

लक्षद्वीपमध्ये हे जास्तच उघडं दिसतं. कोचीहून निघालं की दीड तास खाली नुसता समुद्र. मग हिरव्या-निळ्या उथळ पाण्याची एक कड आणि तिच्यात काठीसारखं लांबट आगत्ती बेट. बेटाच्या दक्षिण टोकाला दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली धावपट्टी, लांबी जेमतेम बाराशे मीटर. १९८८ साली ती डॉर्नियर विमानासाठी सुरू झाली. पुढे तिथे एटीआर उतरू लागली, पण एवढ्याशा धावपट्टीवरून पूर्ण भाराने उडता येत नाही, म्हणून काही आसनं रिकामी ठेवावी लागतात. विकता न येणाऱ्या त्या आसनांचा खर्च बसलेल्या माणसांवर पडतो. दुसरा मार्ग जहाजाचा, कोचीहून चौदा ते अठरा तासांचा, आणि पावसाळ्यात त्याचाही भरवसा कमी. अनेक वर्षं या वाटेने नियमित जाणारं विमान राष्ट्रीय कंपनीच्या नावाचंच होतं. बेटावरच्या रुग्णाला, विद्यार्थ्याला, सरकारी कामासाठी निघालेल्या माणसाला कोची हा मुक्काम नसून उंबरठा असतो. पुढे त्याला चेन्नई, दिल्ली, बंगळुरू गाठायचं असतं. २०२४ पासून इंडिगो आणि फ्लाय९१ यांचीही विमानं तिथे जाऊ लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण यांपैकी कुठल्या तिकिटावर तो माणूस पुढे कुठवर जाऊ शकतो, हा प्रश्न मला विमानांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, दिब्रुगढला. मोहनबारीचा विमानतळ चहाच्या मळ्यांत आहे. तिथून पासीघाटकडे जाणारं विमान सतरा आसनांचं डॉर्नियर २२८, कानपूरच्या एचएएल कारखान्यात घडलेलं. त्याची कॅबिन हवाबंद नसते, म्हणून ते फार उंच जात नाही, आणि ब्रह्मपुत्रेची वाळूची बेटं, त्यांच्यावरची गवताळ कुरणं, एकमेकींत शिरणाऱ्या आणि पुन्हा सुटणाऱ्या धारा अगदी जवळून दिसतात. याच भागात सियांग, दिबांग आणि लोहित एकत्र येतात आणि त्यांची ब्रह्मपुत्रा होते. तिन्ही नद्यांची नावं वरच्या डोंगरांत वेगळी आणि खालच्या मैदानात एक. अर्ध्या तासाच्या आत डोंगर समोर उभे राहतात आणि सियांग जिथे दरीतून मोकळी होते तिथे पासीघाट लागतं, अरुणाचलातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. ईशान्येतल्या अशा जागांसाठीच २६ जानेवारी १९८१ रोजी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून वायुदूत ही कंपनी काढली होती. तिनेही पुढे डॉर्नियरच वापरली. आधी ईशान्य, मग हळूहळू सगळा देश असा तिचा पसारा वाढला. ज्या दोन मोठ्या घरांनी तिला जन्म दिला त्यांचं पाठबळ त्या वेगाने वाढलं नाही, आणि नव्वदीच्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली. १९९६ साली इंडियन एअरलाइन्सचीच उपकंपनी म्हणून अलायन्स एअर सुरू झाली, आणि पुढे लहान एटीआर विमानं घेऊन वायुदूतचं काम तिने उचललं. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाल्यावर अलायन्स एअरच्या उड्डाणांना एअर इंडियाचे क्रमांक मिळाले.

दिब्रुगढ ते पासीघाट हे अलायन्स एअरच्या देशी बनावटीच्या डॉर्नियरचं पहिलं उड्डाण १२ एप्रिल २०२२ रोजी झालं. मोठा सोहळा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. बरोबर तीन दिवसांनी, १५ एप्रिलपासून, एअर इंडियाने प्रवाशांना कळवलं की अलायन्स एअर आता आपली उपकंपनी नाही, तिची आरक्षणं आपण हाताळत नाही, नऊ आकड्याने सुरू होणाऱ्या चार अंकी क्रमांकाची उड्डाणं अलायन्स एअरची समजावीत आणि चौकशी तिच्याकडेच करावी. व्यवसायाच्या दृष्टीने ही सूचना रास्त होती. जी कंपनी आपली राहिली नाही तिच्याबद्दल प्रवाशांनी आपल्याला विचारू नये, असं कुणीही सांगेल. माझी तक्रार विक्रीच्या वेळी जे ठरायला हवं होतं ते न ठरण्याबद्दल आहे. सरकारने मोठी नदी विकली आणि उपनद्या स्वतःकडे ठेवल्या, म्हणजे एआय ॲसेट्स होल्डिंग या सरकारी कंपनीकडे. पण संगमाचं काय करायचं, पासीघाटचा प्रवासी दिब्रुगढला उतरल्यावर कोलकात्याच्या विमानाचा प्रवासी आपोआप समजला जाईल की नाही, ही अट विक्रीच्या चर्चेत जाहीरपणे कधी पुढे आली नाही. कर्ज किती, विमानं किती, जमिनी किती, कलाकृती कुणाकडे जाणार, हे सगळं पुन्हा पुन्हा छापून आलं. लहान गावांना पुढच्या विमानाशी जोडणारं तिकीट हीसुद्धा एक मालमत्ता आहे, हे कुणाच्या यादीत नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की यासाठीच तर उडान योजना आहे. योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिचं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला उडालं, तेही अलायन्स एअरचंच. तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये, निम्मी आसनं या सवलतीच्या दरात, आणि कंपनीची तूट तीन वर्षं अनुदानातून भरून द्यायची, अशी तिची रचना. हेतू चांगला होता आणि अनेक धावपट्ट्या तिच्यामुळे जाग्या झाल्या, हे मान्य केलंच पाहिजे. पण २०२३ च्या कॅगच्या अहवालातले आकडे पाहा. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३, म्हणजे निम्म्याहून जास्त, सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ तेवढे टिकले होते. चिपी-मुंबई सेवेचंही तेच झालं. तीन वर्षांची मुदत भरली आणि २०२४ च्या अखेरीकडे ती थांबली. मला या आकड्यांत नुसती अंमलबजावणीतली ढिलाई दिसत नाही. अनुदान अ गावापासून ब गावापर्यंतच्या आसनाला दिलं जातं. अ गावापासून क गावापर्यंतच्या प्रवासाला नाही. आणि आणखी एक विसंगती. या अनुदानाचा मोठा भाग मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारलेल्या करातूनच येतो. म्हणजे मोठी नदी आणि उपनदी पैशाने आधीच जोडलेल्या आहेत. मुंबई-दिल्लीचा प्रवासी नकळत पासीघाटच्या विमानाला हातभार लावतो. जे पैशाने जुळलं ते तिकिटाने का जुळू नये, याचं उत्तर मला योजनेत सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं, ही प्रवाशाची फसवणूक नाही का? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं एक विमान क्लॅरेन्स सेंटर या वस्तीवर कोसळलं. विमानातली ४९ आणि जमिनीवरचं एक अशी पन्नास माणसं गेली. प्रवाशांनी तिकीट कॉन्टिनेंटलचं घेतलं होतं, विमानावर कॉन्टिनेंटल कनेक्शन असं नाव होतं, आणि चालवत होती कोलगन एअर ही लहान कंपनी. वेग घटत असल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने उलटी कृती केली, असं चौकशीत निष्पन्न झालं. त्याच चौकशीत लहान कंपन्यांतल्या वैमानिकांचे तुटपुंजे पगार, रात्रभर दूरच्या गावाहून प्रवास करून कामावर येणं, अपुरी झोप, प्रशिक्षणातल्या उणिवा हे सगळं लोकांसमोर आलं. हा आक्षेप मी टाळू शकत नाही. मोठं नाव विकत घ्यायला लावून मागे स्वस्त व्यवस्था ठेवणं हे पाप आहे, आणि आपल्याकडेही उपकंपनीला मोठ्या घराची जुनी विमानं देण्याची पद्धत होती. अलायन्स एअरच्या सुरुवातीच्या काळातली बोइंग ७३७ विमानं इंडियन एअरलाइन्सने वापरलेलीच होती. त्यांतलं एक १७ जुलै २००० रोजी पाटण्यात वस्तीवर पडलं आणि साठ माणसं मेली. पण बफेलोनंतर अमेरिकेत काय झालं तेही पाहायला हवं. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षभराहून जास्त काळ पाठपुरावा केला. त्यातून २०१० चा कायदा झाला. सहवैमानिकालाही साधारण दीड हजार तासांचा अनुभव सक्तीचा झाला, विश्रांतीचे नियम बदलले, आणि तिकीट विकताना प्रत्येक टप्पा प्रत्यक्षात कोण चालवणार हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिणं बंधनकारक झालं. मोठं नाव काढून टाका, असं त्या दुःखी कुटुंबांनी म्हटलं नाही. त्या नावाखाली एकच दर्जा असला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं होतं. मला ती मागणी आजही पूर्णपणे न्याय्य वाटते. नाव वापरायचं तर सुरक्षेची मोजपट्टी, वैमानिकाची विश्रांती आणि देखभालीचा दर्जा नावाबरोबरच आला पाहिजे. नाव नसल्याने या गोष्टी आपोआप सुधारतात असंही नाही. एकट्या, कर्जात बुडत्या लहान कंपनीवर काटकसरीचा दबाव जास्तच असतो.

त्याच देशाच्या कायद्यातली दुसरी एक तरतूद मला आपल्यासाठी जास्त उपयोगी वाटते. १९७८ साली अमेरिकेने विमानसेवा सरकारी नियंत्रणातून मुक्त केली, तेव्हा लहान गावं तुटतील या भीतीने अत्यावश्यक विमानसेवेची अनुदान योजना सुरू झाली, आणि ती अजून चालू आहे. एखाद्या गावासाठी कंपनी निवडताना सरकारने काय पाहावं, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. कंपनी किती भरवशाची आहे, हे एक. मोठ्या विमानतळाच्या पुढे प्रवाशाला नेण्यासाठी तिचा मोठ्या कंपनीशी करार आहे का, हे दुसरं. आणि एकाच आरक्षणात, एकाच तिकिटात, एकदाच सामान देऊन प्रवासी पुढे जाऊ शकतो का, हे तिसरं. चौथं, तिथल्या लोकांना कोणती कंपनी हवी आहे. खेड्यातल्या प्रवाशाचा प्रवास कुठे संपतो याचा विचार कायदा लिहिणाऱ्याने केलेला आहे. आपल्या उडानच्या निविदेत कमीत कमी अनुदान कोण मागतो याला जेवढं वजन आहे, त्यातलं थोडं जरी या एका तिकिटाच्या अटीला मिळालं, तरी चिपी, नांदेड, पासीघाट या गावांचा हिशेब बदलेल.

कुणी म्हणेल, मोठ्या नावाची गरजच काय, स्थानिक लहान कंपन्या जास्त आपुलकीने चालवतात. न्यूझीलंडमध्ये तसं झालंही. तिथल्या राष्ट्रीय कंपनीची ईगल एअरवेज ही उपकंपनी एकोणीस आसनांच्या विमानांनी लहान गावं जोडत होती. २०१४ च्या नोव्हेंबरात तिने कैताया, फाकाताने आणि वेस्टपोर्ट सोडायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये ती कंपनीच बंद झाली. फाकातानेला एअर चॅथम्स या चिमुकल्या कंपनीने सेवा सुरू केली आणि गावाने तिला आपलं मानलं. आपल्याकडेही कोल्हापूरजवळच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून उडते आहे आणि गोव्यात मोपाला बसून फ्लाय९१ जळगाव, सिंधुदुर्ग, पुणे अशी गावं जोडते आहे. या कंपन्यांचं मला मनापासून कौतुक आहे आणि त्या टिकाव्यात असं वाटतं. म्हणूनच त्यांना एकटं सोडू नये असं मी म्हणतो. त्यांच्या तिकिटाला मोठ्या कंपनीच्या तिकिटाची जोड मिळाली तर त्यांची मालकी, आपुलकी, स्थानिक ओळख यांतलं काही कमी होत नाही. उलट इंडिगोकडे पाहा. २०१७ च्या अखेरीस तिने एटीआर विमानं आणली, तेव्हा वेगळी उपकंपनी काढली नाही, वेगळं नाव दिलं नाही. लहान गावाचा प्रवासी तिच्याच दुसऱ्या विमानात बसून पुढे जातो आणि दोन्ही टप्पे तिच्याच वहीत लागतात. देशातल्या सर्वांत मोठ्या खाजगी विमान कंपनीला जी गोष्ट फायद्याची वाटली, ती सरकारी मालकीच्या उपनदीच्या वाट्याला येऊ नये, हे मला खटकतं. एखाद्या खाजगी कंपनीवर तोट्याच्या गावांचं ओझं लादा, असं मी म्हणत नाही. एअर इंडियाने, इंडिगोने पासीघाटला विमान न्यावं असा आग्रह नाही. ज्या विमानतळावर त्यांचं विमान उभं आहे तिथे दुसऱ्या विमानातून आलेल्या माणसाला एकाच तिकिटावर पुढे घ्यावं, आणि त्या जोडकामाचा खर्च अनुदानातून मिळावा, एवढंच.

रस्ते आणि रेल्वे सुधारल्या, आता विमान कशाला, हा शेवटचा आक्षेप. दिब्रुगढजवळ बोगीबीलचा जवळजवळ पाच किलोमीटरचा पूल डिसेंबर २०१८ मध्ये खुला झाला आणि पासीघाटचा रस्ता खूप सुकर झाला. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनपासून धावते. मुंबईलाच जायचं असेल तर सिंधुदुर्गातल्या माणसाने रेल्वेने जावं, हेच शहाणपणाचं आहे. पण मस्कतहून चार दिवसांच्या रजेवर आलेला कुडाळचा माणूस, पासीघाटहून वेल्लोरच्या इस्पितळात निघालेलं कुटुंब, नांदेडहून गुवाहाटीला बदली झालेला जवान, यांच्यासाठी जवळचं शहर हा रस्त्यातला टप्पा असतो. पुढचं विमान ठरल्या वेळी सुटणार असतं, आणि घाट बंद पडला, पुलाआधी वाहनांची रांग लागली, दरड कोसळली तर त्यांचं सगळं गणित चुकतं. रस्ता सुधारल्यामुळे उपनदीतलं जे पाणी खरं तर रस्त्याचं होतं ते रस्त्याला मिळालं. उरलेले प्रवासी संख्येने थोडे आहेत आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण पुढे जाणारा आहे. म्हणूनच त्यांना जवळच्या शहरापर्यंतचं स्वस्त आसन देऊन भागत नाही.

पासीघाटला सियांगच्या काठी उभं राहिलं की नदीचा आवाज सतत येत असतो. डॉर्नियर उतरतं तेव्हा थोडा वेळ तो बुडतो. दार उघडतं, सतरा माणसं उतरतात, दुसरी सतरा चढायला थांबलेली असतात. सामान ट्रॉलीवर चढवताना त्यावर कागदी टॅग बांधतात आणि टॅगवर तीन अक्षरांत मुक्कामाचं ठिकाण छापतात. तिथे दिब्रुगढची अक्षरं छापायला जेवढी शाई लागते तेवढ्याच शाईत वेल्लोरला जाणाऱ्या कुटुंबासाठी चेन्नईची छापता येतात. मध्ये दिब्रुगढला आणि कोलकात्याला ते सामान एका विमानातून दुसऱ्यात कुणी टाकायचं आणि हरवलं तर कुणी शोधून द्यायचं, हे दिल्लीतल्या एखाद्या टेबलावर दोन कंपन्यांना आणि मंत्रालयाला बसून लिहून काढावं लागेल.